मदत हवी आहे: रुग्णालयाच्या गच्चीवर रेड क्रॉस रंगवायचा आहे, परवानगी कोणाची?

निळी_शाई
महाराष्ट्रातलं धर्मादाय ट्रस्टचं रुग्णालय आहे. ब्लॅकआउट आणि मॉक ड्रिलच्या सूचना आल्यापासून विश्वस्तांनी धोशा लावलाय, की गच्चीवर मोठा रेड क्रॉस रंगवून घ्या, म्हणजे हवाई हल्ला झालाच तर इमारत वाचेल. रंगाऱ्याचं कोटेशनही आलंय. प्रश्न असे:
१) महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी आहे. तेवढी पुरेल का?
२) नसेल तर परवानगी कोण देतं?
३) नाहीच मिळाली तर रंग उलटे करून, म्हणजे लाल पाटीवर पांढरा क्रॉस काढला तर?
४) गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. त्याने काही अडतं का?
जाणकारांनी कृपया सांगावं.

कलमकसाई
रंगाऱ्याला आधी थांबवा.

जिनिव्हा करार कायदा १९६० चं कलम १२ स्पष्ट आहे: केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय हे चिन्ह कुणीही कशासाठीही वापरायचं नाही. कलम १३ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आणि चिन्ह लावलेला माल जप्त. शिवाय सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. म्हणून तर औषधांच्या दुकानांपासून खासगी अँब्युलन्सपर्यंत सगळीकडे हा क्रॉस दिसतो. सगळे लावतात म्हणून तो कायदेशीर होत नाही.

नर्सिंग होम नोंदणी १९४९ च्या राज्य कायद्याखालची. खाटा, कर्मचारी, स्वच्छता एवढाच तिचा विषय. चौथ्या जिनिव्हा कराराचं (युद्धकाळात नागरिकांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) कलम १८ वेगळंच मागतं: हे नागरी रुग्णालय आहे आणि संरक्षण जाईल अशा कुठल्याही कामाला इमारत वापरली जात नाही, असं युद्धात उतरलेल्या राष्ट्राने दिलेलं प्रमाणपत्र. चिन्ह लावायचं तर सरकारची संमती त्याहून वेगळी. हे दोन कागद आहेत, एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं नाही. महापालिकेला यातला एकही देता येत नाही, पण तिची नोंदणी अर्जाला पुरावा म्हणून जरूर जोडा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवा आणि प्रत नागरी संरक्षणाच्या कंट्रोलरला द्या.

विश्वस्तांना एवढं नक्की सांगा: संरक्षण चिन्हामुळे मिळत नाही. ते इमारत रुग्णालय म्हणून चालते यामुळे मिळतं. चिन्हाने फक्त ते लांबून कळतं.

उलट्या रंगांचं म्हणाल तर तो स्वित्झर्लंडचा झेंडा झाला. पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम ५३ ने तोही आणि कुठलीही नक्कलही बंद केली आहे. साधी खूण हवी असेल तर हिरव्यावर पांढरा क्रॉस चालतो. ती प्रथमोपचाराची खूण आहे, युद्धात तिचा उपयोग शून्य.

पांढरा_कोट
+१. परवानगी मिळेल तेव्हाची तयारी मात्र आत्ताच करून ठेवता येते.

चिन्ह पांढऱ्यावर लाल, चारही भुजा सारख्या लांबीच्या, लाल रंग कुठेही कडेला टेकता कामा नये. चारही बाजूंनी पांढरं दिसलं पाहिजे. मध्ये ट्रस्टचं नाव किंवा लोगो घालायचा मोह होतो, तो टाळा. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलच्या (पुरवणी कराराच्या) परिशिष्टात एक चांगली सूचना आहे: लाल भागाखाली काळा प्रायमर द्यावा, म्हणजे इन्फ्रारेड उपकरणांना आकार नीट ओळखू येतो. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये नाही, पण प्रायमर लावायला कोण अडवतंय! गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सोलर पॅनेल असतील तर दुपारी त्यांच्या सावलीने एखादी भुजा तुटलेली दिसते. जागा ठरवण्याआधी एकदा वर जाऊन बघा. मला विचाराल तर गच्ची रंगवण्यापेक्षा ताडपत्रीवर करून घ्या. मंजुरीआधी घडी करून आत ठेवता येते.

कर्मचाऱ्यांची यादी अद्ययावत ठेवणं चौथ्या कराराच्या कलम २० खाली व्यवस्थापनाचंच काम आहे. ओळखपत्र (फोटो आणि कागदावर उठून दिसणारा शिक्का असलेलं) आणि डाव्या दंडावरची पाण्याने खराब न होणारी शिक्क्याची पट्टी सरकार देतं. ती स्वतः शिवून घेऊ नका. अर्धवेळ लोकांच्या कार्डावर नेमकं काम लिहिलेलं असावं लागतं आणि पट्टी फक्त ड्यूटीवर असताना.

निळी_शाई
खूप आभार. आणखी तीन शंका. ब्लॅकआउटमध्ये चिन्हावर दिवे ठेवायचे का? गेटवर बंदूकधारी वॉचमन आहे. आणि जखमी जवान दाखल झाले तर रुग्णालय लष्करी ठरतं का? टॉवरचं राहिलंच.

कलमकसाई
जवान: नाही. चौथ्या कराराच्या कलम १९ मध्ये तसं लिहिलेलंच आहे. त्यांच्याकडून काढून घेतलेली, अजून जमा न केलेली छोटी शस्त्रं आणि काडतुसं आवारात सापडली तरी संरक्षण जात नाही. पण ती महिनोन्महिने स्टोअरमध्ये पडू देऊ नका. ताब्यात घेतल्याची नोंद आणि जमा केल्याची पावती एकाच रजिस्टरमध्ये ठेवा.

वॉचमनची बंदूक रुग्णांच्या रक्षणापुरती असेल तर तेवढ्याने अडत नाही. संरक्षण जातं ते गच्चीवर टेहळणी चौकी बसवली किंवा तळघरात दारूगोळा ठेवला की. तेव्हाही हल्ल्याआधी शत्रूने रुग्णालयाला इशारा द्यावा लागतो, शक्य तिथे वाजवी मुदत द्यावी लागते आणि तो इशारा धुडकावला गेला तरच पुढचं.

दिवे: चिन्ह दिसेल अशी व्यवस्था करारात आहे, पण लष्करी गरजेला आड येत नसेल तेवढीच. ब्लॅकआउटचा आदेश आला की दिवे बंद. परस्पर चालू ठेवू नका, कंट्रोलरकडून लेखी घ्या.

टॉवर नुसता असण्याने काही बिघडत नाही. लष्कराची संपर्क यंत्रणा त्यावर चढली तर तो टॉवर लक्ष्य ठरू शकतो आणि तो तुमच्या वॉर्डच्या डोक्यावर आहे. कंपनीच्या करारात 'ट्रस्टच्या लेखी संमतीशिवाय नवीन उपकरण बसवायचं नाही' हे कलम आहे का, आजच पाहा. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घाला. आणि नवीन विंग बांधायचा विचार असेल तर विकास आराखडा उघडून शेजारी इंधन डेपो, शस्त्रागार असं काही आहे का तेही तपासा. रुग्णालयं लष्करी लक्ष्यांपासून शक्य तितकी लांब असावीत, असं कलम १८ च सुचवतं, पण बांधकाम परवानगी देताना हे कुणी विचारत नाही.