मदत हवी आहे: डूमचे सगळ्यात पहिले मॉड – १९९४ च्या सुरुवातीच्या फाइली कोणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी,

डूम या बंदुकीने राक्षस मारायच्या पीसी गेममध्ये चाहत्यांनी केलेले अगदी पहिले बदल (मॉड) कोणते, कोणी केले आणि कधी, याची शक्य तितकी पक्की कालरेषा मी तयार करतोय. काळ छोटा आहे. १० डिसेंबर १९९३ ला गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डूमचा शेअरवेअर (फुकट वाटायचा) भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या संगणकावर) चढवला, तिथपासून मार्च १९९४ अखेरपर्यंत.

आतापर्यंत हाती लागलेलं सांगतो. आयडीचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने गेमचं इंजिन (गेम चालवणारा प्रोग्राम) आणि गेमचा माल (नकाशे, चित्रं, आवाज) वेगळे ठेवले. माल सगळा वॅड फाइलमध्ये. मूळ फाइल ती आयवॅड, आणि तिच्यावर चढवायची ती पीवॅड. गेम सुरू करताना पीवॅडचं नाव दिलं की तिच्यातला माल मूळ मालाच्या जागी वापरला जातो, मूळ फाइलला धक्का लागत नाही. आयडीच्या आधीच्या वुल्फेनस्टाइन ३डी गेमच्या वेळी लोकांना मूळ फाइलींवरच खाडाखोड करावी लागायची, त्यामुळे हा फरक फार मोठा होता.

पण फॉरमॅटचं वर्णन बाहेर आलेलं नव्हतं. ते चाहत्यांनी बाइट-बाइट वाचून उलगडलं, आणि मॅट फेलने 'अनऑफिशियल डूम स्पेक्स' या नावाने लिहून काढलं. न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबरचा डीईयू हा नकाशा बनवायचा एडिटर जानेवारी १९९४ च्या अखेरीस आला, पुढे त्यात बेल्जियमचा राफाएल किने सामील झाला. नव्या नकाशाची पहिली पीवॅड म्हणून जेफ्री बर्डच्या ओरिगवॅडचं नाव घेतलं जातं, तारीख ७ मार्च १९९४. नकाशा अगदी लहान आहे, पण तो उघडून पाहताना मला खरंच भरून आलं. कोणाची परवानगी नाही, पैसे नाहीत, माहितीपुस्तक नाही, आणि तरी एक माणूस त्या जगात स्वतःची खोली बांधतो.

माझा प्रश्न ओरिगवॅडच्या आधीचा आहे. नवा नकाशा मार्चमध्ये आला, पण बदल त्याआधीच सुरू झाले असणार. नुसते राक्षस किंवा बंदुका इकडून तिकडे हलवायच्या तर काम सोपं. भिंत हलवली की मात्र नोड (नकाशाचे तुकडे पाडून केलेली मांडणी) नव्याने बांधावे लागतात, कारण कोणती भिंत आधी रंगवायची हे इंजिन त्यावरून ठरवतं. आवाज बदलणं तर त्याहून सोपं. म्हणजे क्रम असा असावा: आधी आवाज, मग वस्तूंची हलवाहलव, मग नवे नकाशे. हा माझा तर्क आहे, पुराव्यासाठी फाइली हव्यात.

इथेच घोडं अडलंय. वॅड फाइलीत तारीख साठवायला जागाच नाही. सुरुवातीला १२ बाइटचा मथळा: आयवॅड की पीवॅड, आत किती तुकडे आहेत, आणि त्यांची यादी कुठे आहे. यादीत प्रत्येक तुकड्याला १६ बाइट: कुठे आहे, केवढा आहे, आणि आठ अक्षरांपर्यंतचं नाव. बस्स. कधी आणि कोणी बनवलं, यातलं काही नाही. ती माहिती असायची सोबतच्या टेक्स्ट फाइलीत: लेखक, वापरलेला एडिटर, नकाशा पहिल्यापासून बनवला की जुन्यावरून, माहीत असलेल्या चुका. पुढे सीडींवर हजारो वॅड एकत्र करून विकल्या गेल्या, काही तर लेखकांना न विचारता, आणि तिथे या टेक्स्ट फाइली बरेचदा गाळल्या गेल्या. एखाद्याने रात्र जागून केलेलं काम उरलं आणि त्याचं नाव गेलं, हे मला फार लागतं. हा खटाटोप त्यासाठीच आहे.

आणखी एक अडचण. मूळ डूम पीवॅडमधून राक्षसांची चित्रं आणि जमिनीचे नमुने नीट उचलत नाही. त्यामुळे सुरुवातीला चित्रं बदलणारे आयवॅडच बदलत असणार. ती फाइल आयडीच्या मालकीची, ती वाटता येत नाही. म्हणजे असे बदल घरच्या डिस्कवरच राहिले, आणि डिस्कबरोबरच गेले असावेत.

मदत कोणाकडून हवी? भारतात घरगुती इंटरनेट व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, म्हणजे हा काळ त्याच्या आधीचा. पण १९९३-९४ ला अमेरिकेत किंवा इतर देशांत शिकायला असलेले आपले बरेच लोक विद्यापीठाच्या संगणकावरून एफटीपी आणि यूझनेट (त्या वेळचे इंटरनेटवरचे चर्चागट) वापरत होते. तुमच्यापैकी कोणाकडे त्या वेळच्या फ्लॉपी, टेपवरचे बॅकअप, किंवा छापून ठेवलेल्या पोस्ट असतील तर कृपया कळवा. फ्लॉपी असेल तर संगणकात घालण्याआधी तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही असं करा (३.५ इंचीची कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, ५.२५ इंचीची खाच पट्टीने झाका), आणि जमल्यास अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढा.

प्रतिसाद १

विषय छान. मी तेव्हा अमेरिकेत एमएस करत होतो, लॅबमध्ये डूम चालायचं. माळ्यावर एक खोकं आहे, या रविवारी काढतो.

एक सुचवू का? लोकांकडे मूळ झिपच मागा, उलगडलेल्या फाइली नकोत. झिपमध्ये प्रत्येक फाइलची शेवटची बदललेली वेळ असते. पण तिला आंधळेपणाने मानू नका: ती त्या संगणकाची स्थानिक वेळ, टाइम झोन नोंदलेला नसतो, आणि दोन सेकंदांच्या टप्प्याने असते. बॅटरी गेलेल्या पीसीवर १ जानेवारी १९८० दिसेल. त्यापेक्षा यूझनेट पोस्टच्या वरची तारीख-वेळ बरी, त्यात टाइम झोनही असतो. alt.games.doom या गटाच्या जुन्या पोस्ट महिन्यावार चाळा. फाइल चढवणारा माणूस बहुधा तिथेच 'चढवली आहे' असं लिहायचा.

प्रतिसाद २

धागाकर्ते, डूमपासूनच सुरुवात का? वुल्फेनस्टाइन ३डी साठी बिल कर्बीचा मॅपएडिट १९९२ चाच आहे. आणि अॅपल २ वर १९८१ च्या कॅसल वुल्फेनस्टाइनमध्ये नाझींच्या जागी स्मर्फ (कार्टूनमधले निळे बुटके) घातलेलं कॅसल स्मर्फेनस्टाइन १९८३ चं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्मर्फेनस्टाइन आणि मॅपएडिट कालरेषेच्या प्रस्तावनेत येतील, पण शोध डूमपुरताच ठेवतो, नाहीतर पसारा आवरणार नाही.

झिप आणि यूझनेटचा मुद्दा अगदी पटला. त्याला जोडून एक खूण माझ्याकडून: एखादी वॅड आयडीच्या नकाशावरून बनवली असेल तर तो कोणत्या आवृत्तीतला आहे ते पाहायचं. पहिल्या भागातल्या चौथ्या नकाशात नाझी चिन्हाच्या आकाराची रचना होती, ती १९९४ मध्येच नंतरच्या आवृत्तीत बदलली. वॅडमध्ये ती रचना जुन्या रूपात असेल तर ती जुन्या आवृत्तीवरून घेतलेली, एवढं नक्की. ती जुन्या काळातच बनवली हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, कारण जुनी आवृत्ती पुढेही कोणी वापरत असेल.

अजून एक विचारायचं आहे. नकाशाचे दहा तुकडे वॅडमध्ये ठरलेल्या क्रमाने असतात, पण नोडची मांडणी आणि तुकड्यांमधली रिकामी जागा बनवणाऱ्या साधनागणिक वेगळी असू शकते. नुसत्या बाइटवरून 'हे डीईयूचं काम' असं ओळखण्याचा कोणाला अनुभव आहे का? असल्यास कोणत्या खुणा पाहता ते लिहा. आणि प्रतिसाद १ वाले दादा, खोक्यात ५.२५ इंची फ्लॉपी निघाल्या तर ड्राइव्ह माझ्याकडे आहे. पुण्यात असाल तर मी स्वतः घेऊन येतो.