संशोधन कागदावर भक्कम आहे, पण आमच्या वॉर्डात लागू पडेल का? (मलावी, जिल्हा आराखडा)

लिंबोणी

नमस्कार मंडळी. माझं बीडीएस, मग एमपीएच. सध्या मलावीत एका जिल्हा आरोग्य कार्यालयात काम करते. जिल्हा कोणता ते लिहीत नाही, छोट्या ठिकाणी माणसं लगेच ओळखू येतात. इथे दर वर्षी जिल्ह्याचा आराखडा बनतो, सगळे त्याला डीआयपी म्हणतात. औषधं, पेट्रोल, प्रशिक्षण, दुरुस्त्या, सगळं त्यातच बसवायचं असतं आणि पैसा कधीच पुरत नाही.

यंदा लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी बाहेरून थोडी जादा रक्कम मिळणार आहे. त्यासाठी दोन प्रस्ताव आलेत. एक, गावांमध्ये कमी धुराच्या चुली वाटायच्या. दोन, जिल्हा रुग्णालयाच्या बालविभागात बबल सीपॅप बसवायचं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाकातल्या नळीतून सतत थोड्या दाबाने हवा आणि ऑक्सिजन देतात, म्हणजे फुप्फुसं मिटत नाहीत. बाहेर पडणाऱ्या हवेची नळी पाण्यात बुडवलेली असते, ती किती खोल आहे त्यावर दाब ठरतो.) दोन्ही प्रस्तावांना शोधनिबंधांचा गठ्ठा जोडलाय आणि दोन्हींवर 'संशोधनाने सिद्ध' असं लिहिलंय.

आमचे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) म्हणाले, "तू वाचून काढ आणि मला एका पानात सांग. सही माझी असणार आहे." तिकडे बालविभागाच्या मुख्य सिस्टर म्हणतात, "रात्री अख्ख्या वॉर्डाला एक नर्स. एका खाटेवर दोन-दोन मुलं. त्या नळ्यांकडे बघायचं कोणी?" मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. पण त्या गठ्ठ्यासमोर त्यांचं वाक्य ठेवलं की ते 'कर्मचाऱ्यांची तक्रार' ठरतं, पुरावा ठरत नाही. हे कसं मांडू? आणि निबंध वाचताना नेमकं काय बघायचं?

जुना मुक्काम

लिंबोणीताई, मी बालरोगतज्ज्ञ. मलावी आणि टांझानियात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या सिस्टर जे बोलल्या त्यावर खुद्द मलावीत मोठा अभ्यास झालेला आहे. तो तुमच्या गठ्ठ्यात आहे का बघा. नसेल तर का नाही, हे विचारा.

सलिमाच्या जिल्हा रुग्णालयात १ ते ५९ महिन्यांच्या मुलांवर ही चाचणी झाली. तीव्र न्यूमोनिया आणि जोडीला एचआयव्ही, गंभीर कुपोषण किंवा रक्तातला ऑक्सिजन खूप कमी, अशी अत्यवस्थ मुलं. निम्म्यांना नेहमीचा ऑक्सिजन, निम्म्यांना बबल सीपॅप. वॉर्ड साधा, अतिदक्षता विभाग नाही, डॉक्टर सतत हजर नाहीत, म्हणजे तुमच्याकडे असतो तसाच. २०१९ साली निष्कर्ष छापून आले: ऑक्सिजनवरची ११ टक्के मुलं दगावली, सीपॅपवरची १७ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवली. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा निबंध मिटून बराच वेळ नुसता बसून होतो, कारण अशा यंत्रांसाठी मी स्वतः आग्रह धरलेला होता आणि इतरांनीही तो चांगल्या मनानेच धरला होता.

आता तुमच्या गठ्ठ्यातला निबंध बहुधा ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलचा असेल. तोही खराच आहे. तिथे श्वासाचा त्रास असलेल्या नवजात बाळांत सीपॅपविना ४४ टक्के वाचली, सीपॅपवर ७१ टक्के. पण तो नवजात विभाग, ते मध्यवर्ती रुग्णालय, आणि बाळं काही तासांची किंवा दिवसांची. ढाक्यात आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेच्या रुग्णालयातही नवजात नसलेल्या, थोड्या मोठ्या मुलांना सीपॅपचा फायदा दिसला, मात्र तिथे डॉक्टर जवळ होते.

म्हणून निबंध हातात घेतला की निष्कर्षाआधी 'पद्धती' हा भाग वाचा. रात्री दोन वाजता मुलाच्या नाकातली नळी निसटली तर कोणाच्या लक्षात आलं असतं? एका नर्समागे किती मुलं होती? वीज गेली तर काय व्यवस्था होती? हे लिहिलेलं नसेल तर लेखकांना पत्र टाका, बहुतेक जण उत्तर देतात. उपाय कोणता, एवढं बघून भागत नाही. तो ज्या हातांनी दिला ते हात तुमच्याकडे आहेत का, हे बघायचं.

चुलींचं थोडक्यात सांगतो. चिक्वावा आणि करोंगा या दोन जिल्ह्यांत दहा हजारांहून जास्त मुलांवर चाचणी झाली, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पंखा लावलेल्या चांगल्या चुली दिल्या, दोन वर्षं पाठपुरावा केला. न्यूमोनिया कमी झाला नाही. चूल बदलली तरी धूर इतर ठिकाणांहूनही येत राहतो, असा लेखकांचा कयास होता. चुलींचे दुसरे फायदे असतील, सरपण वाचत असेल, बाईचे डोळे चुरचुरायचे थांबत असतील. त्यासाठी वेगळा पैसा जरूर मागा. न्यूमोनियाच्या पैशातून नको.

आकडेमोड

वर डॉक्टरांनी लिहिलं त्यात भर. मी आरोग्याच्या हिशेबाचं काम करतो. प्रस्ताव वाचण्याआधी स्वतःची रजिस्टरं उघडा. टांझानियात १९९० च्या दशकात रुफिजी आणि मोरोगोरो या दोन जिल्ह्यांत टीईएचआयपी नावाचा प्रकल्प झाला. घरोघरी जाऊन कोण कशाने दगावलं याची नोंद ठेवली आणि ती अंदाजपत्रकाशेजारी मांडली. एका जिल्ह्यात अकाली मृत्यूंमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के मलेरियामुळे जात होती, आणि १९९६ च्या अंदाजपत्रकात मलेरियाला मिळाले होते ५ टक्के. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, हे दोन आकडे कधी एका कागदावर आलेच नव्हते. ते एका साध्या तक्त्यात शेजारी-शेजारी आल्यावर जिल्ह्याच्या लोकांनीच पैसा हलवला. जादा रक्कम माणशी एक-दोन डॉलरच्या आतबाहेर. पाचेक वर्षांत त्या जिल्ह्यांतले बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले.

तुम्ही असं करा. मागच्या वर्षी बालविभागात दगावलेल्या मुलांच्या नोंदी काढा. दाखल झाल्यापासून किती तासांत गेलं, दिवसा की रात्री, ऑक्सिजन लागला होता का, मिळाला का, हेल्थ पासपोर्टवर (रुग्णाजवळच्या नोंदवहीत) आधीच्या आरोग्य केंद्राची नोंद आहे का. रजिस्टर अर्धवट भरलेलं असेल तर तेही लिहा. सिस्टरांना सोबत बसवा. रात्रीचे मृत्यू वेगळे मोजले की त्यांचं वाक्य आकड्यात उतरेल, मग त्याला कोणी तक्रार म्हणणार नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, म्हणून हे वाचून राहवलं नाही. सिस्टरांचं ऐकताय याबद्दल मनापासून धन्यवाद.

एक उदाहरण देते. नेपाळमध्ये सर्लाहीला नवजात बाळांच्या नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून अभ्यास झाला, २००६ साली छापला गेला, मृत्यू २४ टक्के कमी. तिथे घरी बाळंतपण आणि नाळेला तेल-हळद लावायची पद्धत होती. सरकारने 'नाभी मलम' म्हणून ते देशभर नेलं, गावातल्या स्वयंसेविकांच्या हातात दिलं. चांगलंच झालं. पुढे झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर तशाच चाचण्या झाल्या, तिथे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. आणि आफ्रिकेतल्या काही देशांत ते औषध डोळ्यांचे थेंब समजून बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं. गंभीर इजा झाल्या, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला इशारा काढावा लागला. औषध तेच होतं. बाटली कशी दिसते, कपाटात कशाशेजारी ठेवली जाते, घरी नेल्यावर आजी ती काय समजून वापरते, हे कुठल्याच निष्कर्षात येत नाही. ते आम्हाला विचारा. यंत्र आणणार असाल तर आधी एक रात्र वॉर्डात बसा.

पायवाट

मला एक शंका आहे. अशाने प्रत्येक गोष्टीला 'आमच्याकडे चाचणी झालेली नाही' म्हणून नकारच मिळेल ना? गरीब देशांनी मग वाटच बघत बसायचं का?

जुना मुक्काम

पायवाट, शंका रास्त आहे. याचंही उत्तर मलावीतच आहे.

२०११ पर्यंतच्या नियमाप्रमाणे एचआयव्ही असलेल्या गर्भवतीला कोणती औषधं आणि किती काळ द्यायची, हे सीडी४ तपासणीवर (रक्तातल्या प्रतिकारपेशींच्या मोजणीवर) ठरायचं. मलावीच्या बहुसंख्य आरोग्य केंद्रांत ती तपासणी होतच नव्हती. तेव्हा आरोग्य मंत्रालयाने स्वतःच्याच केंद्रांकडे बघून ठरवलं: तपासणीसाठी अडून राहायचं नाही, प्रत्येक गर्भवतीला लगेच औषधं आणि ती आयुष्यभर. याला ऑप्शन बी प्लस म्हणतात. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत १,२५७ गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांची औषधं सुरू झाली होती, २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ जणींची. नेमक्या त्या धोरणाची मोठी चाचणी आधी झालेली नव्हती. औषधं काम करतात हे जगभरातून माहीत होतं, तपासणी होत नाही हे त्यांना घरातूनच माहीत होतं, आणि दोन्ही माहिती त्यांनी सारख्याच गांभीर्याने घेतली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही ते आलं. अडचणीही आल्या. लगेच औषधं सुरू केलेल्या बऱ्याच स्त्रिया पुन्हा केंद्रावर आल्याच नाहीत. पण नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणूनच ते कळलं, आणि समुपदेशनाकडे लक्ष वळलं.

म्हणजे हो म्हणायलाही स्थानिक माहितीच लागते. १९९३ मध्ये मलेरियावरचं क्लोरोक्विन बंद करणारा आफ्रिकेतला पहिला देश मलावीच होता, कारण ते लागू पडत नाही हे त्यांनी स्वतःच्या मुलांत तपासलं होतं. ते बारा वर्षं बंद राहिल्यावर २००५ मध्ये ब्लँटायरला पुन्हा तपासलं तर क्लोरोक्विन ९९ टक्के मुलांत काम करत होतं, आणि त्याच्या जागी आणलेलं औषध जेमतेम २१ टक्के. तपासणं एकदा करून सोडायचं नसतं.

लिंबोणी

सगळ्यांचे आभार. सलिमाचा अभ्यास गठ्ठ्यात नव्हता, आता मिळवलाय. सिस्टर आणि मी रजिस्टर घेऊन बसलो. मृत्यूच्या वेळेचा रकाना निम्म्या ठिकाणी कोरा आहे, पण जिथे भरलाय तिथे बहुतेक मुलं दाखल झाल्यावर पहिल्या रात्रीच गेलेली दिसतात. सिस्टरांनी आणखी एक दाखवलं: दोन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं) भिंतीला लावून ठेवलेत, फिल्टर नाहीत म्हणून बंद. मग सीपॅपऐवजी हे सुरू करून पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे) घ्यावेत का?

जुना मुक्काम

हो. मलावीत पूर्वी जिल्हा रुग्णालयांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, औषधांचा सलग पुरवठा आणि प्रशिक्षण एकत्र दिलं होतं, तेव्हा न्यूमोनियाचे मृत्यू घटले होते. तो अनुभव जोडा. पानाच्या पहिल्या ओळीत काय करायचं ते लिहा, कारणं खाली. फिल्टर आणि सुटे भाग वर्षभराचे मागा, दुरुस्ती कोण करणार त्याचं पद लिहा. ऑक्सिमीटर बालविभागासोबत बाह्यरुग्ण विभागातही ठेवा, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं मूल रांगेतच सापडेल. एक ऑक्सिमीटर आरोग्य केंद्रातही देऊन बघा, मुलं वेळेत पाठवली जातात का ते कळेल. रात्रीच्या दुसऱ्या नर्सची मागणी सलिमाच्या आकड्यांखालीच लिहा, वेगळ्या पानावर नको. आणि त्या पानावर सिस्टरांचं नाव तुमच्या नावाच्या आधी घाला. डीएचओंना प्रश्न पडला तर ते त्यांनाच विचारतील.