मदत हवी आहे: दिवेआगर-श्रीवर्धनला तळमजल्यावरचं आख्खं घर, तीन रात्री

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार. कोथरूडहून स्वतःच्या गाडीने, ताम्हिणी-माणगावमार्गे. आम्ही दोघं, आई आणि आठ महिन्यांची मुलगी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे जिना नको आणि कमोड हवाच. बाळाची पेज करायला गॅस लागेल. एसी नसला तरी चालेल. बजेट रोजचे चार हजार.

आतापर्यंत सात-आठ ठिकाणी फोन झाले. बहुतेक ठिकाणी वाडीत मागे बांधलेल्या खोल्या, जेवण मालकांकडेच, स्वयंपाकघर वापरायला मिळत नाही. (जेवण झकासच असणार, पण पहाटे पाचला पेजेसाठी कुणाला उठवायचं?) एक घर मनात भरलं होतं. फोटोत अंगण, झोपाळा, माडाची सावली. बाथरूमचा फोटो मागितला तर तीन दिवसांनी आला: दाराला वीतभर उंबरा आणि आत भारतीय बैठक! दुसरीकडे घर ठीक आहे, पण सगळे पैसे आधी, आणि रद्द केलं तर एक रुपया परत नाही. तान्ह्या पोरीला ऐनवेळी ताप आला तर?

हरिहरेश्वरही चालेल. बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून एक दिवस पलीकडे केळशीला जाऊन यायचंय, म्हणून त्याच पट्ट्यात हवं. मोठ्या रिसॉर्टच्या लिंक कृपया नकोत, त्या पाहून झाल्यात.

असं घर कुणी स्वतः राहून पाहिलंय का? आणि तिकडे अ‍ॅडव्हान्स किती देता तुम्ही, अर्धा की पूर्ण?