गाडीच्या ग्रुपवर राजकारण-धर्म बंद. पटतंय का?

चौथी सीट
सकाळच्या कल्याण फास्टला आमचा 17 वर्षांचा ग्रुप आहे. दसऱ्याला डबा सजवतो, कुणाकडे बारसं असलं की पेढे गाडीतच. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि आमच्यातले दोन कट्टर शिवसैनिक एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या दसऱ्याला एक मेळावा शिवाजी पार्कात, दुसरा बीकेसीत. आमच्याकडे एकाने झेंडूच्या माळा बांधल्या, दुसऱ्याने घाटकोपर येईपर्यंत मोबाईलमधून मान वर काढली नाही. गेल्या आठवड्यात भोंग्यांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर जुंपली, तसं अ‍ॅडमिनने फर्मान काढलं: दोन्ही विषय बंद. आता ग्रुपवर उरलंय काय, तर गुलाबाची फुलं आणि "विक्रोळीला अडकलोय". मला हे पटत नाही.

लालबागकर
अ‍ॅडमिनचं शंभर टक्के बरोबर. सख्ख्या भावाशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं, पक्षावरून. आईच्या वर्षश्राद्धाला शेजारी बसलो, तर मीठ पुतण्याकरवी मागितलं. नेते उद्या एका स्टेजवर बसतील. आमचं मीठ तसंच राहील.

गिरगावचा वारा
1857 साली गिरगावच्या किनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी भर गर्दीत वाद घालायचे. तोही थेट धर्मावर! पुढे ते वाद छापूनही निघाले. आणि आपल्याला बारा डब्यांच्या गाडीत जमत नाही?

लालबागकर
बुवांना दुसऱ्या दिवशी त्याच पाद्र्याच्या मांडीला मांडी लावून ऑफिस गाठायचं नव्हतं.

कुर्ला पूर्व
हसले. पण एक सांगते. मागच्या वर्षी भाड्याने घर शोधत होते. फोनवर सगळं ठरलं, नाव सांगितलं आणि घर "आत्ताच गेलं". संध्याकाळी तीच जाहिरात परत. त्यामुळे विषय बंद करायची सोय मला नाही, तो माझ्या आडनावाबरोबर येतो.

आता चर्चा हवी म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही भोंगा निघाला होता. मला स्वतःला पहाटेचा भोंगा नको आहे, अब्बांशी त्यावरून घरी भांडलेय. तेच लिहीत होते, तेवढ्यात "तुम्ही लोक" असं आलं. लिहिलेलं पुसलं, फोन पालथा ठेवला. माझं मत विचारा की! सगळ्या कौमचा जबाब माझ्याकडे का मागता?

गिरगावचा वारा
हे वाचून थांबलो. भोंग्यापुरतं बोलायचं तर 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले 15 दिवसांपर्यंत रात्री 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. मशीद, मंडप, हळद, सगळ्यांना एकच. आमच्या गल्लीतल्या मंडळाला हे सांगायला गेलो, तर मलाच धर्मद्रोही ठरवलं, ते वेगळं.

निवृत्त कॉन्स्टेबल
1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या झाल्या. पोलिसांतले ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही त्यातली मोठी नावं. एकदम धर्मावर कोण बोलणार होतं तेव्हा? आधी पाणी, कचरा, गटार. पोलीस आणि वस्तीतली पोरं क्रिकेट खेळली. ओळख झाली की मग अवघड बोलणं निघायचं. तुमची तर 17 वर्षांची ओळख आहे राव.

लालबागकर
ओळख आहे म्हणूनच जास्त लागतं, साहेब. परक्याचं कोण मनावर घेतो?

चौथी सीट
कुर्लाताईंचं वाचून आज ठाण्याला त्या दोन शिवसैनिकांतल्या फुटून गेलेल्याला विचारलं, "तू तिकडे का गेलास?" वाद घालायचा नाही, असं ठरवूनच. तीन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही "गद्दार" म्हणून मोकळे. म्हणाला, वडील आयसीयूत होते तेव्हा रात्री दोनला जो शाखाप्रमुख आला, तो ज्या बाजूला गेला त्या बाजूला मी. मला त्याचा पक्ष आजही पटत नाही, तसं तोंडावर सांगितलं. "नको पटू दे," म्हणाला आणि डबा उघडला.

दुसरा शिवसैनिक समोर कानात इयरफोन घालून खिडकीबाहेर बघत होता. वायरचं दुसरं टोक मात्र मांडीवर मोकळंच पडलं होतं.

लालबागकर
उद्या काय होतंय ते कळवा.