मदत हवी आहे: १८ व्होल्टची ड्रिल बॅटरी चार्जिंग घेत नाही

नमस्कार. खानापूर तालुक्यात माझा फर्निचरचा छोटा व्यवसाय असून कॉर्डलेस ड्रिलच्या एका बॅटरीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्याकडच्या पावसात बाहेरची कामे जवळपास बंदच असतात, आणि त्या काळात ही १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची लिथियम-आयन बॅटरी वर्कशॉपच्या कपाटात पडून होती. गणपतीच्या तोंडावर कामे सुरू झाल्यावर ती चार्जरला लावली, तर लाल आणि हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकतो, चार्जिंग काही सुरू होत नाही. त्याच चार्जरवर दुसरी बॅटरी व्यवस्थित भरते, त्यामुळे चार्जरवर मला संशय नाही.

बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की बॅटरीवरचे बटण दाबले असता चारपैकी दोन दिवे लागतात, म्हणजे ती पूर्ण उतरलेलीही नाही. टोकांच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पण फरक पडला नाही. वॉरंटी संपलेलीच असल्याने स्क्रू काढून आतील पाचही सेल मल्टिमीटरने वेगवेगळे तपासले. चार सेल ३.६ व्होल्टच्या आसपास आहेत आणि ऋण टोकाकडचा पहिला सेल मात्र १.१ व्होल्ट दाखवतो.

बेळगावात एका दुरुस्तीवाल्याने चांगल्या बॅटरीतून वायर जोडून हिला ‘धक्का’ द्यावा असे सुचवले, तर दुसऱ्याने तेवढा एक सेल बदलून देतो म्हणून सांगितले. यांपैकी कोणता मार्ग सुरक्षित आहे, आणि एकच सेल एवढा का उतरला असावा? नवी बॅटरी घ्यायची म्हणजे जवळजवळ नवे ड्रिलच घेतल्यासारखे आहे, म्हणून विचारतो.

प्रतिसाद:

आपण सेल वेगवेगळे मोजलेत हे बरे झाले, कारण उत्तर त्यातच आहे. बटणाचे दिवे बहुधा पॅकचा एकूण व्होल्टेज पाहून लागतात आणि आपला पॅक सुमारे १५.५ व्होल्ट भरतो; संरक्षण सर्किट मात्र प्रत्येक सेल पाहते आणि एक जरी फार खाली गेला तरी चार्जिंग नाकारते. काही पॅकमध्ये हे सर्किट स्वतःची वीज ऋण टोकाकडच्या एक-दोन सेलमधूनच घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिल्यास नेमके तेच आधी उतरतात.

‘धक्का’ कृपया देऊ नये. सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला, की ऋण इलेक्ट्रोडमागची तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. शिवाय थेट वायर जोडली की संरक्षण सर्किटच वगळले जाते. मग कमजोर सेल मागे राहतो, चांगले सेल ४.२ व्होल्टच्या वर जातात आणि आगीचा धोका उभा राहतो. लाकडाच्या भुशाने भरलेल्या वर्कशॉपमध्ये हा प्रयोग नकोच.

एकच सेल बदलण्यालाही फारसा अर्थ नाही. नवा आणि चार जुने यांची क्षमता जुळत नसल्याने पॅक लवकरच पुन्हा असमतोल होतो. बदलायचेच तर पाचही सेल एकाच प्रकारचे, ड्रिलचा जास्त करंट सोसणारे घ्यावेत (लॅपटॉपमधून काढलेले चालत नाहीत) आणि ते निकेल पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून घ्यावेत, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल बिघडतो. बदलेपर्यंत हा पॅक टोकांवर चिकटपट्टी लावून, लाकडापासून लांब ठेवावा. जुने सेल कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासावी लागेल. काही पॅकचे सर्किट एकदा दोष नोंदवला की कायमचे बंद होते, आणि मग नवे सेल बसवूनही चार्जर तसाच लुकलुकत राहतो. आपल्या पॅकचा मॉडेल क्रमांक येथे लिहिल्यास त्याबाबत सांगता येईल.