फिलिंग निघाल्यावर दंतवैद्याकडे जाण्यासाठी किती दिवस थांबावे?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात भाकरी खाताना माझ्या खालच्या दाढेतले जुने फिलिंग निखळून आले. दाढ ठणकत नाही. थंड पाणी लागले की क्षणभर कळ येते आणि पाणी गिळताच ती जाते. मी चिपळूणला राहते, परंतु माझे दंतवैद्य पुण्याचे आहेत, आणि दिवाळीसाठी तीन आठवड्यांनी मी पुण्याला जाणारच आहे. तोवर थांबावे, असे माझे मत आहे. जाऊबाईंच्या मते मात्र दोन-तीन दिवसांच्या आत मिळेल त्या दवाखान्यात जायला हवे होते, आणि त्यावरून घरात बराच वाद झाला.

पहिले फिलिंग ज्यांनी केले, त्यांना मूळची कीड किती खोल होती आणि नसेपासून किती अंतरावर थांबली होती, हे ठाऊक आहे. जुने एक्स-रेही त्यांच्याचकडे आहेत. ही माहिती हाताशी नसलेला नवा दंतवैद्य सावधगिरी म्हणून थेट रूट कॅनाल आणि कॅप सुचवतो, असा आमच्या ओळखीतल्या अनेकांचा अनुभव आहे. शिवाय दात किडण्याची क्रिया महिन्यांच्या हिशेबाने चालते, तासांच्या नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर बहुतेक दंतचिकित्सालये बंद होती आणि जी उघडी होती ती केवळ तातडीचे उपचार करत होती. त्या काळात असंख्य लोक उघड्या दाढा घेऊन काही महिने घरी बसलेच की. तेव्हा दुखत नसेल तर तीन आठवडे ही काही फार मोठी मुदत नाही. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी कारणासह सांगावे.

तर्ककर्कश

टाळेबंदीचे उदाहरण आपल्या बाजूने बोलत नाही. त्या काळात थांबलेल्यांपैकी ज्यांच्या दाढा टिकल्या, ते आज तसे सांगतात. ज्यांच्या दाढा पुढे काढाव्या लागल्या, त्यांना त्याचे कारण फिलिंग होते की उशीर, हे वेगळे करून सांगताही येत नाही. नाइलाजाने थांबणे लोकांनी सोसले, एवढ्यावरून ते निर्धोक होते, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

मूळ मुद्दा दाताच्या रचनेचा आहे. बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, फार कठीण असते आणि तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेल्यावरच ते विरघळू लागते. त्याच्या आतले डेंटिन मऊ असते आणि ६.२ च्या आसपासच झिजायला लागते, म्हणजे गोड चहाच्या एका कपानंतरचा सौम्य आम्लपणाही त्याला पुरतो. फिलिंग निघाले की हेच डेंटिन उघडे पडते, त्यामुळे कीड महिन्यांच्या हिशेबाने चालते हा आपला अंदाज शाबूत इनॅमलला लागू आहे, उघड्या खड्ड्याला नाही. आपल्याला थंड पाण्याने जी कळ येते, तीसुद्धा डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांतून नसेपर्यंत पोहोचलेली सूचनाच आहे.

किडीपेक्षाही मला भीती वाटते ती दाढेच्या भिंतींची. मोठे फिलिंग गेल्यावर उरलेल्या भिंतींना आतून आधार राहत नाही. सुपारीचे खांड, भाजलेला हरभरा किंवा ज्वारीतला एखादा खडा नेमका त्या बाजूला आला, तर भिंत तडकते; तडा हिरडीच्या खाली खोलवर गेला की दाढ काढण्यावाचून बहुधा इलाज उरत नाही. आणि आपण दिवाळीच्या तोंडावर थांबायचे म्हणता, म्हणजे चकली आणि कडक बुंदीचे लाडू समोर असताना!

माणदेशी

दोन-तीन दिवसांचा नियम शहरातल्या माणसाने शहरातल्या माणसासाठी केलेला दिसतो. आमच्या भागात दंतवैद्य तालुक्याच्या गावी बसतात, एसटीने जाऊन-येऊन एक दिवसाची मजुरी बुडते, आणि पहिल्या भेटीत काम पुरे होईलच, याची खात्री नसते. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दातांचा खर्च धरलेलाच नसतो. अशा परिस्थितीत न दुखणाऱ्या दाढेसाठी कापूस वेचणीचा आठवडा कोणी सोडत नाही, आणि न सोडणारा माणूस अडाणी ठरत नाही. धागाकर्तीचे म्हणणे मला व्यवहार्य वाटते.

फक्त थांबण्याच्या काळात जे केले जाते, त्याविषयी बोलायला हवे. आमच्याकडे दाढेच्या खड्ड्यात मिश्री दाबतात किंवा तंबाखूची चिमूट ठेवतात. त्याने थोडा वेळ बधिरपणा येतो, पण तंबाखू हिरडीला आणि गालाच्या आतल्या अस्तराला काय करते, हे आता कोणाला सांगायला नको. थांबायचेच असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, फ्लोराइडच्या टूथपेस्टने खड्डाही हळुवार घासून स्वच्छ ठेवावा आणि घास दुसऱ्या बाजूने चावावा.

दंतवैद्य, नाशिक

व्यवसायाने दंतवैद्य असल्यामुळे दोन्ही बाजू रोज ऐकते. प्रस्तुत चर्चेत सर्वांनी ‘दुखते की नाही’ हे माप धरले आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

ज्या दाताचे पूर्वी रूट कॅनाल झाले आहे, त्यातली नस काढलेली असते. त्याचे फिलिंग किंवा कॅप निघाली तरी तो थंड-गरम काहीच जाणवू देत नाही, आणि रुग्ण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात लाळेतले जंतू दाताच्या उघड्या तोंडावाटे मुळांतल्या भरावाच्या कडेने खाली झिरपत असतात, आणि बराच काळ तसे चालले तर सगळे रूट कॅनाल पुन्हा करावे लागू शकते. हे दात मुळातच पोखरलेले असल्याने तडकतातही लवकर. म्हणजे जो दात कधीच तक्रार करणार नाही, त्याच्यासाठी सर्वांत कमी थांबावे लागते. अशा रुग्णाला मी त्याच आठवड्यात बोलावते, मग तो कितीही आरामात असो.

जिवंत नस असलेल्या दाढेत कळ कशी येते, ते पाहावे लागते. थंड लागल्यावर येऊन काही सेकंदांत जाणारी कळ बहुधा नस अजून सावरू शकेल असे दाखवते. धागाकर्तीची लक्षणे या प्रकारची दिसतात, परंतु दाढ न पाहता मी याहून अधिक सांगू नये. गरम पदार्थाने कळ येऊ लागली, ती मिनिटभर रेंगाळू लागली किंवा काहीही न खाता रात्री झोपेतून उठवू लागली, तर नस वाचण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्याची वेळ विचारत न बसता सरळ मोठ्या रुग्णालयात जावे, कारण जबड्याखालची सूज श्वासाच्या वाटेपर्यंत पसरू शकते. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच वाट पाहू नये.

आता चिपळूण की पुणे, हा वाद मला अनाठायी वाटतो. चिपळूणला जाऊन केवळ तात्पुरते फिलिंग करून घ्यावे आणि कायमचे पुण्यात करावे. त्याला फार वेळ लागत नाही, खर्चही बेताचा असतो, आणि असे सांगणाऱ्या रुग्णावर कोणी रागावत नाही. मात्र पुण्यात दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरायचे ठरले असेल, तर ते आधी सांगावे. झिंक ऑक्साइड-युजेनॉलचे तात्पुरते सिमेंट वापरले तर त्यातले युजेनॉल कॉम्पोझिट घट्ट होण्यात अडथळा आणू शकते, म्हणून तेथे ग्लास आयोनोमर हे दुसरे सिमेंट अधिक बरे. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक. घरी लवंग तेल लावणाऱ्यांनी ते कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन फक्त खड्ड्यात टेकवावे, हिरडीला लागले तर भाजते. निघालेल्या कॅपला घरच्या गोंदाने चिकटवण्याचे धाडस करून आलेले रुग्णही मी पाहिले आहेत. कॅप डबीत ठेवून सोबत आणावी, ती पुष्कळदा पुन्हा बसवता येते. फिलिंगचा तुकडा मात्र कामाचा नसतो.

थेम्सकाठचा कोल्हापूरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि तेथे ‘त्याच आठवड्यात या’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. सूज, ताप किंवा असह्य वेदना नसतील तर निघालेले फिलिंग सहसा तातडीचे मानले जात नाही, आणि सरकारी सेवेतला दंतवैद्य नवा रुग्ण घेत असेल तरच पुढची गोष्ट. त्यामुळे औषधांच्या दुकानात तात्पुरत्या भरावाची छोटी डबी मिळते, ती आणून लोक आरशासमोर उभे राहून स्वतःच खड्डा बुजवतात. सरकारी सेवेतसुद्धा काम फुकट नाही: फिलिंग ज्या दुसऱ्या शुल्कगटात येते, त्याचे एप्रिल २०२५ मध्ये ७५.३० पौंड मोजावे लागत होते. सांगायचे एवढेच की, अख्खा देश काही आठवडे थांबतो आणि तरीही सर्वांच्या दाढा गळून पडलेल्या नाहीत. तीन आठवड्यांना अपराध ठरवू नये.

तर्ककर्कश

टाळेबंदीचाच तर्क आता पौंडांत आला. तेथील लोक थांबतात ते रांगेमुळे, आणि खड्डा निदान बुजवून थांबतात, हे आपणच लिहिले आहे. धागाकर्तीचा खड्डा उघडा आहे आणि तिच्यासमोर रांगही नाही. मग इंग्लंडचा नाइलाज चिपळूणने आदर्श म्हणून का घ्यावा?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती)

डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगते: या दाढेचे रूट कॅनाल झालेले नाही, आणि कळ अजूनही सेकंदभरच टिकते. तात्पुरत्या भरावाची सूचना मला मान्य आहे, कारण त्यात माझा मूळ आग्रह, म्हणजे कायमचे काम पुण्यातच व्हावे, तसाच राहतो. परंतु ‘दोन-तीन दिवस’ हा आकडा सर्व दाढांना सारखाच लावणे मला अजूनही पटत नाही. डॉक्टरांच्या लिहिण्यावरूनच दिसते की, मुदत दाताप्रमाणे बदलते. जाऊबाईंच्या नियमात मात्र दाताची चौकशीच नव्हती. एक शंका उरते. तात्पुरता भराव करायला गेल्यावर तेथेही ‘आधी रूट कॅनाल करा’ असे सांगितले, तर सामान्य माणसाने ते कशावरून तपासावे?

दंतवैद्य, नाशिक

एक्स-रे काढायला सांगावे आणि त्याचे छायाचित्र आपल्या फोनमध्ये मागून घेऊन पुण्याच्या दंतवैद्यांना पाठवावे. त्यांच्याकडे जुना एक्स-रे असल्याने कीड पुढे सरकली आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येते. थंडीची चाचणी केली का, दाढ ठोकून पाहिली का आणि त्यात काय आढळले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नस वाचण्यासारखी असेल तर तसे स्पष्ट सांगणारे दंतवैद्य चिपळुणातही आहेत.

तात्पुरत्या भरावाविषयी एक बजावणे राहिले. तो काही आठवड्यांचाच असतो, आणि दाढ शांत झाली की रुग्ण त्यालाच कायमचा समजू लागतात. वर्षभराने झिजलेला भराव आणि त्याखाली नवी कीड घेऊन येणारे रुग्ण माझ्याकडे नेमाने येतात. दिवाळीत दवाखाने चार-पाच दिवस बंद असतात, तेव्हा पुण्याची वेळ आजच फोन करून ठरवावी.