मदत हवी आहे: भिंगाच्या सूत्रात वजाबाकी का?

मुलगी दहावीत आहे, मराठी माध्यम. गणित असं: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, ५ सेंमी उंचीची वस्तू भिंगापासून १५ सेंमीवर. प्रतिमा कुठे मिळेल? तिने वस्तूचं अंतर धन धरलं, उत्तर आलं ६ सेंमी. मी −१५ घालायला सांगितलं, तेव्हा ३० सेंमी आलं. प्रतिमा उलटी, १० सेंमी उंचीची. किरणाकृती काढली, तीही जुळली.

पण तिचा प्रश्न वेगळाच आहे, आणि मला तो रास्त वाटतो. नववीत आरशाच्या सूत्रात दोन व्यस्तांची (१/प्रतिमेचं अंतर आणि १/वस्तूचं अंतर) बेरीज होती, इथे वजाबाकी का? कार्टेशियन चिन्ह संकेत (कुठल्या बाजूचं अंतर धन आणि कुठल्या बाजूचं ऋण धरायचं, याचा नियम) तर दोन्हीकडे तोच! "पाठ करून टाक" असं मला तिला सांगायचं नाही. समरूप त्रिकोणांवरून कुणी समजावून सांगेल का? परवा चाचणी आहे.